नवा परवाना मिळालेल्यांचा गट कसा जमवावा?

प्रश्न: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी शेती आणि कृषी सेवा केंद्र आहे. बारा बोअरच्या बंदुकीचा परवाना नुकताच मिळाला. पहिल्यांदा काडतुसं आणायला गेलो तेव्हा ‘यातलं कोणतं घ्यायचं असतं?’ असं विचारलं, तर दुकानात बसलेले दोघं-तिघं हसले. त्यानंतर कोणालाच काही विचारलं नाही. आमच्या भागात असे नवे दहा-बाराजण आहेत, त्यात दोन बाया आहेत. सगळ्यांना एकत्र आणावं, नीट शिकावं असं वाटतं. पण लोक म्हणतात, बंदूकवाल्यांचा गट केला की पोलीस मागे लागतील, नाहीतर एखादा पुढारी गट खिशात घालील. सुरुवात कशी करावी?

उत्तर:

लोक सांगतात त्या दोन्ही भीती खऱ्या आहेत. तरीही गट कराच. मी फौजेत शस्त्रं शिकवायचं काम केलं आणि निवृत्तीनंतर इकडे मराठवाड्यात नव्या परवानाधारकांना शिकवतो, त्यावरून सांगतो.

आपल्याकडे माणसाला बंदूक मिळते, पण बंदुकीची संगत मिळत नाही. पूर्वी पाटला-देशमुखांच्या वाड्यात बंदूक असायची. ती चालवायला मिळण्याआधी घरातलं पोरगं कित्येक वर्षं नुसतं बघत असायचं. आजोबा नळी कशी पुसतात, काडतुसं कुठे ठेवतात, पाहुणा आला की बंदूक आत कशी जाते, हे न सांगता त्याच्या अंगात मुरायचं. आजचा परवानाधारक बहुतेक घरातला पहिलाच असतो. सराफ, पेट्रोल पंपवाला, खडी क्रशरवाला, तुमच्यासारखा दुकानदार, नाहीतर बँकेच्या दारात उभा राहणारा माजी सैनिक. यातला माजी सैनिक सोडला तर बाकीच्यांना शिकायच्या जागा तीनच: दुकानातला बाक, मोबाइलवरचे व्हिडिओ आणि लग्नाची वरात. बाकावर हसतात, मोबाइलवर परदेशातला कायदा आणि परदेशातली हत्यारं दिसतात, आणि वरातीत काय शिकायला मिळतं ते आपण सगळे जाणतो.

शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्याला एस-1 म्हणतात. हेतू चांगला आहे, पण कित्येकांकडे कागद येतो आणि शिक्षण यायचं राहतं. तुमच्या दहा-बारा जणांना एकेकट्याला बाजूला घेऊन विचारा, परवाना मिळायच्या आधी किती बार काढले होते? उत्तरं ऐकली की गट कशासाठी हवा हे तुम्हाला कोणाला पटवून द्यावं लागणार नाही.

पहिली गोष्ट, आणि यावर मी अडून बसतो: सुरुवातीच्या बैठकांना कोणीही शस्त्र आणायचं नाही. कमरेलाही नाही, गाडीतही नाही. नव्या लोकांना हे विचित्र वाटतं. बंदुकीचा गट आणि बंदूक नाही? पण पहिल्या दिवशी टेबलावर चार शस्त्रं आली की बोलणं लगेच ‘तुझं कितीचं, माझं कितीचं’ यावर जातं. ज्याच्याकडे आजोबांची जुनी एकनळी आहे तो गप्प बसतो आणि ज्याच्याकडे नवंकोरं पिस्तूल आहे तो गुरू होतो. शिवाय कायद्याची बाजू आहे. ज्याच्या नावे परवाना, शस्त्र त्याच्याच ताब्यात राहिलं पाहिजे. दुसऱ्याला त्यात सवलत आहे ती फार थोडी: दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला न्यायचं असेल, नाहीतर मालकाच्याच वापरासाठी धरायचं असेल, आणि तेही मालक समोर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारानं. ‘बघू दे की भाऊ जरा’ म्हणत बंदूक दहा हातांतून फिरवणं या सवलतीत बसत नाही.

मग पहिल्या बैठकीत करायचं काय? परवाना वाचायचा. हसू नका, खरंच सांगतो. सगळ्यांनी आपापल्या परवान्याची झेरॉक्स आणायची आणि एकेक रकाना मोठ्यानं वाचायचा. शस्त्राचा नंबर परवान्यावर आहे तोच नळीवर आहे का? एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतात आणि वर्षाला किती घेता येतात? मुदत कधी संपते? शस्त्र कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला, आधी तो तीन वर्षांचा होता. पाच वर्षं म्हणजे माणूस विसरायला मोकळा. मुदतीच्या दोन-तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज पडायला हवा, म्हणून तारखा गटाच्या वहीत लिहून ठेवा. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला ठेवता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. एखाद्याच्या नावावर वडिलोपार्जित धरून तीन असतील तर त्यानं कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या दंडाधिकारी शाखेत लगेच जावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना क्षेत्राचा. परवाना महाराष्ट्रापुरता आहे की भारतभर? आपल्या भागात यावर माणसं नकळत अडकतात. उदगीरचा माणूस बिदरला दवाखान्यात जातो, देगलूरचा तेलंगणात लग्नाला जातो, धर्माबादचा बासरला दर्शनाला जातो, उमरग्याचा कर्नाटकात बाजाराला जातो. आपल्यासाठी ते रोजचं जाणं-येणं. पण परवान्यावर फक्त महाराष्ट्र लिहिलेलं असेल आणि रिव्हॉल्व्हर कमरेला असेल, तर सीमेवरचा नाका ओलांडल्याक्षणी तुमचं परवान्याचं शस्त्र बिनपरवान्याचं होतं. तुमच्या परभणीहून सीमा लांब आहे, तरी गटात सासुरवाडी नांदेडकडची असलेला एखादा निघेलच.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो, ते हसण्याकडे. नवा माणूस न विचारता राहिला की तो अंदाजानं वागतो, आणि या एका वस्तूच्या बाबतीत अंदाज परवडत नाही. गटात हसायचं नाही असा नियम करून भागत नाही. जुन्या माणसांना समोर बसवून तुम्ही ‘हसू नका’ म्हणालात तर ते बाहेर जाऊन हसतील. मी उलटं करतो. गटातल्या सगळ्यात जाणत्या माणसाला आधी कानात सांगून ठेवतो, की पहिला बावळट प्रश्न तुम्ही विचारायचा. आमच्याकडे एक सुभेदार मामा आहेत, सेवा सगळी पायदळात गेलेली. ते दर वेळी नव्या लोकांपुढे म्हणतात, ‘आरं, हे एस.जी. आन् एल.जी. म्हंजी काय, मला परत एकदा सांग बरं.’ मामालाच येत नाही म्हटल्यावर बाकीच्यांची तोंडं उघडतात. (एस.जी. आणि एल.जी. हे मोठे छरे, एल.जी. त्यातले जास्त मोठे. एक, चार, सहा असे नंबर लिहिलेले असतात ते बारीक छरे, आणि नंबर जितका मोठा तितका छरा लहान. तुम्हाला दुकानात याचंच उत्तर हवं होतं ना?)

जुन्या माणसांना नुसतं मानाचं बसवू नका, काम द्या. बँकेच्या दारात रोज बारा बोअर घेऊन उभा राहणारा माजी सैनिक तुमच्या तालुक्यात नक्की असेल. शिकवायला तोच पहिला माणूस. त्याचा पगार थोडा, गावात त्याला कोणी फारसं विचारत नाही, पण शिस्त त्याच्या हाडात आहे. क्रशरवाल्या शेठला त्यानं ‘बोट चापावरून काढा’ म्हणून दटावलं आणि शेठनं मुकाट्यानं काढलं, तर तुमचा गट जमला असं समजा.

हातात शस्त्र घेऊन शिकणं पुढच्या टप्प्यावर येतं. त्यासाठी डमी काडतुसं मिळतात, ज्यात दारू नसते. मालकानं आपलं शस्त्र आपण धरायचं, शिकवणाऱ्यानं शेजारी उभं राहायचं, आणि त्या खोलीत खरं काडतूस एकही नको. आधी खिसे तपासा, मग सुरू करा. चार गोष्टी पाठ व्हायला पाहिजेत. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरायचं. जे मारायचं नाही त्याच्याकडे नळी करायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि नेमाच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. पाठ तर सगळे करतात, पण हाताला वळण लागायला वेळ लागतो, म्हणून मी एकच कृती पुन्हापुन्हा करून घेतो.

दुनळी असेल तर ती अशी. बंदूक घेतली की नळी आधी जमिनीकडे, पण पायापासून लांब. अंगठ्यानं वरची कळ सरकवायची आणि नळी मोडून बंदूक उघडायची. दोन्ही घरांत, म्हणजे काडतूस बसतं त्या जागांत, डोळ्यांनी बघायचं, मग करंगळीचं टोक घालून चाचपायचं, कारण अंधारात डोळा फसतो आणि शेतातलं काम अंधारातच पडतं. उघडी बंदूक तशीच शेजाऱ्याला दाखवायची. त्यानं आत बघून ‘रिकामी’ असं मोठ्यानं म्हणायचं, नुसती मान हलवून चालत नाही. मग बंद करायची. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. हे नव्यांपैकी निम्म्यांना माहीत नसतं, आणि पहिल्या बारानंतर दुसरी नळी भरलेली आहे हे तर उत्साहात भलेभले विसरतात.

आजोबांची बंदूक वारशानं आली असेल त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवा. या विषयात दम आहे आणि आपल्याकडे अशा बंदुका पुष्कळ आहेत. जुन्या विलायती दुनळ्यांची घरं बऱ्याचदा अडीच इंची, म्हणजे 65 मिलिमीटरच्या काडतुसाची असतात. आजचं 70 मिलिमीटरचं काडतूस त्यात सहज बसतं, म्हणून माणसाला वाटतं ठीक आहे. पण उडताना काडतुसाचं तोंड उलगडायला जागा पुरत नाही आणि दाब नको तितका वाढतो. नळीवर जाळीदार, लाटांसारखी नक्षी दिसली तर ती पत्र्याच्या पट्ट्या पिळून केलेली जुनी दमास्कस नळी असू शकते. ती काळ्या दारूच्या जमान्यातली आहे. तिच्यात आजची बिनधुराची दारू घालायची नाही. जाणत्या आरमोररला, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला, दाखवून तो चालवा म्हणेपर्यंत ती खंडेनवमीला पुजायचीच बंदूक आहे असं समजा. बाहेरून घोडे असलेल्या बंदुकीत भरल्या नळीवर चढलेला घोडा अंगठ्यानं उतरवायला जाऊ नका. आधी बंदूक उघडा, काडतूस काढा, मग घोडा उतरवा. आणि घरात वीस बोअरची काडतुसं असतील तर बारा बोअरजवळ ठेवू नका. वीसचं काडतूस बाराच्यापेक्षा बारीक असतं, ते बाराच्या घरातून पुढे घसरून नळीत अडकतं, वरून दिसत नाही, आणि मागून बाराचं भरून चाप ओढला की नळी फाटते. कारखाने वीस बोअरचं काडतूस मुद्दाम पिवळं करतात ते यासाठीच.

बार काढला आणि नेहमीसारखा दणका न येता नुसता ‘फुस्स’ आवाज आला तर थांबायचं. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. चाप ओढूनही काहीच झालं नाही तर नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडायचं नाही. पावसाळ्यात ओल लागलेली काडतुसं असे खेळ करतात. पितळेवर हिरवट डाग दिसला की ती बाजूला काढा आणि विक्रेत्याला विचारा. आपल्या बहुतेक काडतुसांवर के.एफ. ही अक्षरं दिसतात, ती खडकीच्या कारखान्याची खूण. वय कळतं ते खोक्यावरच्या सालावरून.

खरे बार काढायचे ते परवानगीच्या रेंजवरच. शेतात विहिरीच्या काठावर बाटल्या मांडून ‘सराव’ करण्याचा मोह सगळ्यांना होतो. आपला माळ म्हणजे काळा खडक, त्यावरून गोळी कुठे उलटेल याचा भरवसा नाही. .315 रायफलची गोळी तर दोन किलोमीटरच्याही पुढे जीव घेऊ शकते, आणि त्या अंतरात मराठवाड्यात कुठेही एखादी वस्ती येतेच. सराव हवा असेल तर 10 मीटरची एअर रायफल हा सगळ्यात स्वस्त मार्ग. .177 बोअरची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना घेता येते. श्वास, नजर आणि चाप यांचा मेळ तिच्यावरच बसतो. जिल्ह्याच्या ठिकाणी अशी सोय आता सापडते. वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून पुण्याला म्हाळुंगे-बालेवाडीची रेंज बघून या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं 2024मध्ये पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हापासून पोरांचा ओढा वाढलाय. नव्या परवानाधारकानं तिथल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरी बघाव्यात. आदेश मिळाल्याशिवाय एकही पोरगी रायफलीला हात लावत नाही. तेवढं पाहून आलेला माणूस गावात वेगळा वागतो.

बायांबद्दल. गटात दोन बाया आहेत असं तुम्ही म्हणालात, त्यातल्या एकीच्या नावे तरी परवाना ‘यजमानांनी काढून दिलेला’ असेल असा माझा अंदाज आहे. अशा बाईनं कित्येकदा शस्त्राला हातही लावलेला नसतो. ते नवऱ्याच्या गाडीत फिरतं आणि वापरतो तो. यात कायद्यानं दोघंही अडकतात. गटात तिला बोलवायचं तर तिलाच फोन करा, नवऱ्यामार्फत निरोप नको. शिकवताना ‘वहिनी, तुम्ही नुसतं बघा’ म्हणायचं नाही. आमच्याकडे एका ताईंनी पहिल्यांदा दुनळी उघडली ती गुडघ्यावर टेकवून, कारण जुनी कळ हातानं हलेना. मागच्या बाजूला कोणीतरी खाकरलं. शिकवणाऱ्या हवालदारानं मागे वळून त्या खाकरणाऱ्यालाच पुढे बोलावलं आणि तीच बंदूक उभ्या उभ्या उघडायला लावली. त्यालाही जमली नाही. मग हवालदारानं कळीत तेलाचे दोन थेंब टाकले आणि बंदूक ताईंच्या हातात परत दिली. ताई आता नव्या लोकांना तपासणी शिकवतात. बायांसाठी वेगळी बैठक असावी का? त्या म्हणाल्या तर ठेवा, आपण होऊन वेगळं बसवू नका. वेळ मात्र त्यांना जमेल अशी ठेवा. संध्याकाळी सातला ढाब्याच्या मागे बसणाऱ्या गटात कोणती बाई येईल?

ढाब्यावरून आठवलं, जिथे दारू आहे तिथे गट नाही. यावर चर्चा नको.

शेतीचं म्हणाल तर रानडुकरं आणि रोही यांनी सगळ्यांना जेरीस आणलंय. हरभऱ्यात रात्रभर जागलीला बसणारा माणूस परवाना मागतो तेव्हा त्याचं दुःख खरं असतं. शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूदही आहे. पण पीकरक्षणाचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे, हे गटात स्पष्ट सांगा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972चा आहे आणि वनविभागाची लेखी परवानगी हातात असल्याशिवाय डुकरावरही गोळी झाडायची नाही. 2020 साली बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, सगळा भाग थरारला होता, तेव्हासुद्धा शेवटी करमाळ्याकडे त्याला गोळी घातली ती वनविभागाच्या आदेशानंच. शिवाय रात्री वीज येते म्हणून पाणी द्यायला माणसं शिवारात असतात. ज्वारीत हललं ते डुक्करच आहे हे कोण सांगणार?

आता भपक्याचं. बीड जिल्ह्यातले शस्त्र परवाने 2025च्या सुरुवातीला राज्यभर गाजले. हवेत बार काढणारे, कमरेचं पिस्तूल दाखवणारे व्हिडिओ घराघरांत पोचले आणि नंतर प्रशासनानं कित्येक परवाने रद्द केले. त्यानंतर मराठवाड्यातल्या साध्या परवानाधारकाकडेही लोक त्याच नजरेनं बघतात. तुमच्या गटाला ती नजर सोसावी लागेल, रागावून उपयोग नाही. नियम साधे आहेत. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर-पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि झाकलेलं, लांब बंदूक तिच्या पिशवीत. लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत शस्त्र मिरवायला आणि बार काढायला बंदी आहे, परवाना जाऊ शकतो. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबारानं कोणाच्या जिवाला धोका झाला, तर 2019च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. यावर गटानं आपला एक नियम वाढवावा: शस्त्राचा फोटो कुठेही टाकायचा नाही, स्टेटसलासुद्धा नाही. टाकला की दोघांनी त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा आणि तो काढायला लावायचा. ग्रुपवर सगळ्यांदेखत झापू नका. झापलेला माणूस गट सोडतो आणि फोटो तसाच राहतो. दुसऱ्यांदा केलं तर मात्र नाव काढून टाका.

गावठी कट्टा असलेला माणूसही कधीतरी दारात येईल. ‘मला बी शिकवा, कागद नंतर करतो’ म्हणेल. त्याला बसायलाही सांगू नका. बिनपरवाना शस्त्राला दोन ते पाच वर्षांची कैद आहे, आणि त्याच्यापायी गट बदनाम होतो तो वेगळाच.

घरातल्या ठेवणीवर एक बैठक बायकापोरांना सोबत घेऊन करा. वाड्याच्या खुंटीवर बंदूक टांगायचे दिवस गेले. भिंतीला बोल्टनं जखडलेलं लोखंडी कपाट हवं, काडतुसं दुसऱ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नकोत. दिवाणात किंवा धान्याच्या कोठीत ठेवणारे भेटतात, आणि ती जागा पोरांना सगळ्यात आधी माहीत असते. काडतुसांची वही ठेवा: कधी किती घेतली, कुठे किती उडाली, शिल्लक किती. रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, हिशोब मागितला तर त्याच दाखवायच्या असतात.

आणखी एक विषय आहे, जो कोणत्याच बाकावर निघत नाही. पिकाचं गेलेलं साल, कर्ज, घरातलं भांडण, दारू. मराठवाड्यात हे दिवस कोणाला येतात हे मी तुम्हाला सांगायला नको. अशा माणसाच्या कपाटात बंदूक असणं ही जगातली सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे, त्याच्यासाठीही आणि घरच्यांसाठीही. गटातल्या दोघांना तरी एवढी मोकळीक हवी की ते त्याला म्हणतील, ‘आप्पा, चार महिने बंदूक जमा करू, मी येतो संगं.’ पोलीस ठाण्यात किंवा ठेवणीचा परवाना असलेल्या शस्त्र विक्रेत्याकडे ती जमा करून पावती घेता येते. यात परवाना सोडल्यासारखं काही नाही आणि कमीपणाही नाही. 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे कोणासाठी लिहिला असं होत नाही. गटात नवा माणूस कधी रुळला असं मी समजतो? तो असं काही मनातलं बोलला की. नेम सगळ्यांचाच हळूहळू सुधारतो.

पोलिसांचं सोपं आहे. सुरू करण्याआधी ठाणेदारांना लेखी पत्र द्या: कोण, कुठे, कशासाठी, आणि सुरुवातीच्या बैठकांना शस्त्र नसेल. पोच घ्या. शक्य झालं तर पहिल्या बैठकीला त्यांच्याच एखाद्या अंमलदाराला बोलवा. लपूनछपून केलं तरच संशय येतो. पुढे निवडणुकीत हे ओळखीचं नातं कामाला येतं. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवील त्या परवानाधारकांना शस्त्र जमा करावं लागतं. 2024मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी आल्या तेव्हा कित्येकांना दोनदा फेरे पडले. नव्या माणसाला नोटीस आली की तो घाबरतो, आपण काही गुन्हा केला की काय असं त्याला वाटतं. त्याच्यासोबत एकजण ठाण्यात जा. शस्त्र रिकामं करून, आत-बाहेर चांगलं तेल लावून द्या, कारण ते मालखान्यात कित्येक आठवडे पडून राहतं. पावतीवर नंबर, आणि नळीवर-दस्त्यावर आधीचा ओरखडा असेल तर तोही लिहून घ्या. निकालानंतर पावती दाखवून परत आणायचं, आणि घरी आल्यावर आधी नळीतून उजेड बघायचा.

पुढाऱ्याला कसं लांब ठेवायचं? पैसा गोळा करू नका. वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही, बॅनर नाही. चहा ज्याच्या घरी त्याचा. जिथे पैसा साठत नाही आणि फोटो निघत नाही तिथे पुढारी दोनदा येत नाही. अध्यक्षही नको, वही सांभाळणारा एक माणूस पुरे, आणि तो दर वर्षी बदला. आता नाव. आमच्या पोरांना वाघ, छावा, सरकार असलं काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, नावच नको. गावानं आपण होऊन ठेवलं, ‘तेलवाले’, कारण बैठकीहून परतताना सगळ्यांच्या बोटांना बंदुकीच्या तेलाचा वास यायचा.